पाठमोरी

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदीच्या काठी लिमरिक नावाचं शहर आहे. पाच ओळींच्या एका वात्रट काव्यप्रकाराला त्याचं नाव चिकटलंय, म्हणून आपल्याकडच्याही पुष्कळांना ते ऐकून ठाऊक असतं. फ्रँक मकॉर्टचं ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ वाचलेल्यांना तिथला पाऊस, ओल आणि दारिद्र्यही ठाऊक असतं. 1989 मध्ये या शहरातल्या चार पोरांनी एक बँड काढला. नोएल होगन गिटारवर, त्याचा धाकटा भाऊ माइक बेसवर, फर्गल लॉलर ड्रम्सवर आणि नायल क्विन नावाचा गायक. बँडचं नाव म्हणजे क्रॅनबेरीच्या सॉसवर केलेली एक फुसकी कोटी होती आणि गाणीही त्याच जातीची टवाळ. वर्षभरातच क्विन बाहेर पडला. पण जाता जाता त्याने एक काम केलं. माझ्या माहितीतली एक मुलगी आहे, गाते, स्वतःची गाणी लिहिते आणि बँडच्या शोधात आहे, असं त्याने उरलेल्या तिघांना सांगितलं.

ती मुलगी कीबोर्ड घेऊन आली. वय अठरा. गाव बॅलीब्रिकन, लिमरिकजवळचं खेडं. सात भावंडांतलं शेंडेफळ. वडील शेतमजूर, पण मोटरसायकलच्या अपघातानंतर कायमचे कामाला मुकलेले. आई शाळेच्या स्वयंपाकघरात. मुलगी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, गायची. सरावाच्या खोलीत सगळी पोरंच पोरं, आणि ही इतकी लाजरी की बोललेलं जेमतेम ऐकू यावं. मग ती गायली. काही स्वतःची गाणी आणि एक सिनेड ओ’कॉनरचं. पोरांनी तिच्या हातात एक कॅसेट दिली. तिच्यात नोएलने बांधलेली कॉर्ड्सची एक साखळी होती, शब्द नव्हते. काही दिवसांनी ती परत आली तेव्हा त्यावर चाल आणि शब्द दोन्ही चढलेले होते. सतरा वर्षांची असताना एका मुलाने तिचं पहिलं चुंबन घेतलं आणि मग तो दुसरीकडे वळला, एवढंच त्या गाण्याचं भांडवल. गाण्याचं नाव ‘लिंगर’. मुलगी म्हणजे डोलोरेस ओ’रिअर्डन. आणि बँडच्या नावातली कोटी काढून टाकल्यावर जे उरलं ते ‘द क्रॅनबेरीज’.

इथवरची गोष्ट रॉकच्या कुठल्याही दंतकथेत खपून जाईल. तिच्यापुढची एक बारीकशी बाब मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. सुरुवातीच्या कार्यक्रमांत डोलोरेस श्रोत्यांकडे पाठ करून गायची. लहानसा क्लब, समोर मूठभर ओळखीपाळखीची माणसं, आणि गाणारी मुलगी पाठमोरी. तिच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी हे नोंदवलंय आणि त्याचा अर्थ एकच लावलाय की बिचारी बुजायची. बुजत असेलच, नाही कोण म्हणतं? पण पाठ श्रोत्यांकडे असेल तर तोंड कुणाकडे असतं? ड्रमर मागे बसतो, गिटारवाला आणि बेसवाला दोन अंगांना. म्हणजे सरावाच्या खोलीत तिला जे दिसायचं, तेच तिला स्टेजवरही दिसत होतं. फर्गलचे हात, माइकची खाली गेलेली मान, नोएलची बोटं. तिने अख्खी खोलीच उचलून स्टेजवर आणली होती आणि पैसे देऊन आलेल्या लोकांना त्या खोलीच्या चौथ्या भिंतीच्या जागी उभं केलं होतं. मला तरी यात लाजेपेक्षा हट्ट जास्त दिसतो.

मी त्यांना पाहिलं ते या सगळ्यानंतर, नव्वदीच्या मध्यावर, पुण्यात, केबल टीव्हीवर. केस बारीक कापलेली, अंगभर सोनेरी रंग फासलेली एक बाई एका क्रुसासमोर उभी राहून ओरडत होती. गाणं ‘झॉम्बी’. मार्च 1993 मध्ये इंग्लंडातल्या वॉरिंग्टनमध्ये आयआरएने कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेल्या बाँबनी दोन लहान मुलं मारली, एक तीन वर्षांचा, एक बारा वर्षांचा. त्या संतापातून ते गाणं आलं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळला तो फक्त आवाज. बाबांनी पेपरमधून मान वर करून विचारलं, “ही गातेय का भांडतेय?” किशोरकुमारच्या यॉडलिंगवर पोसलेलं आमचं घर. त्यामुळे वरच्या सुरात जाताना आवाज मुद्दाम तुटतो, उडी मारतो आणि परत पकडतो, हे आमच्या कानांना नवं नव्हतं. पण किशोरदा ते मौजेत करत. हिचं तुटणं वेगळं होतं, भांडता भांडता रडू फुटावं तसं. आणि उच्चार! इंग्रजी गाणं म्हटलं की गाणारा कुठलाही असो, जीभ अमेरिकन होते. हिची झालेली नव्हती. पुण्यात येऊन पेठेत बिऱ्हाड थाटावं आणि बोलावं मात्र आपलं नगरकडचंच, तसं ती जगभर लिमरिकचं बोलत गात राहिली. शाळेत उच्चारांवरून टोमणे खाल्लेल्या माझ्यासारखीला ते काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्या काळी मला वाटायचं, की असा आवाज उपजतच असतो. आता वाटतं, की आवाज उपजत असेलही, पण त्याला असंच राहू देणारी जागा लागते. हे वाटायला कारण झाली माझी भाची.

भाची पंचविशीच्या आतली आहे आणि तिचा एक बँड आहे. बँड म्हणजे काय, तर ती गाते आणि थोडी गिटार वाजवते, बाकी तिघं मुलगे. नाव अजून ठरत नाहीये, ठरलं की कुणाला तरी आवडत नाही. सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका इमारतीच्या तळघरात जॅम रूम आहे, तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळते. चौघं पैसे काढतात आणि आठवड्यातून जमेल तेव्हा तिथे जातात. एकदा मला म्हणाली, “मावशी, यायचं तर ये. पण कोपऱ्यात बसायचं. आणि रेकॉर्ड नाही करायचं हं.”

गेले. दाराबाहेर चपला-बूट काढलेले. आत ड्रमर तेवढा बुटात, कारण अनवाणी पायाने त्याला पेडल लागत नाही म्हणे. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, एका कोपऱ्यात तो सुटून लोंबत होता. खाली जाजम. मोठा ड्रम वाजता वाजता पुढे सरकू नये म्हणून त्याच्यापुढे बांधकामाची एक वीट ठेवलेली, आणि तरी तो ड्रम विटेसकट इंच इंच सरकत होता. दर गाण्यानंतर ड्रमर उठून तो मागे ओढायचा. माईकला कुबट धातूचा वास. मी सहज हुंगला तर भाची म्हणाली, “ई मावशी, सगळ्या पुण्याची थुंकी आहे त्याच्यावर.” ती माईक घेऊन स्पीकरपुढून चालत गेली की तो किंचाळायचा, असा की दातांतून कळ यावी. कुणी दचकत नव्हतं. बेसवाला नुसता हाताने ‘मागे हो’ म्हणायचा.

गाणं तिनेच लिहिलेलं, मराठीत. रॉकमध्ये मराठी बसत नाही असं बेसवाल्याचं ठाम मत आहे आणि तो स्वतः घरीदारी मराठीशिवाय काही बोलत नाही. भाचीचा गळा शिकलेला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती मध्यमापर्यंत देत गेली, घरात प्रमाणपत्रांच्या चौकटी आहेत. त्यामुळे ती गाते स्वच्छ. फारच स्वच्छ. त्या दिवशी ते एका वरच्या ओळीपाशी अडले होते. ओळ यायची, ती सुरेल गायची, गाणं पुढे जायचं आणि चौघांचीही तोंडं वाकडी. असं कितीतरी वेळ चाललं. मग एकदा श्वास पुरला नाही म्हणा, लक्ष उडालं म्हणा, ऐन वरच्या गंधारावर तिचा आवाज फाटला. क्लासमध्ये हार्मोनियमवरचा हात थांबला असता. इथे गिटारवाल्याने वाजवणं थांबवलं आणि म्हणाला, “ते! ते परत कर.”

“काय?”

“ते तुटलं ते.”

परत करणं काही जमेना. चुकून झालेलं मुद्दाम करायला गेलं की ते नाटकी व्हायचं. एकदा नुसतीच खाकरी आली, एकदा कोंबडा आरवल्यासारखं झालं, ड्रमरने काठ्या टाकून दिल्या आणि आडवा होऊन हसत सुटला. तीही हसता हसता खाली बसली. वेळ संपत आल्याचं सांगायला जॅम रूमवाला दार उघडून डोकावून गेला. मी कोपऱ्यात बसून विचार करत होते, की हिने लहानपणापासून इतकं गाणं शिकलं, पण वाईट गाऊन हसत जमिनीवर बसण्याची संधी हिला आज पहिल्यांदा मिळत असावी.

मधल्या सुट्टीत तिचा फोन वाजला. ताई. कुठे आहेस, किती वेळ लागेल, कोण सोडणार. तिने उत्तरं दिली, मावशी बरोबर आहे हेही घाईघाईने सांगितलं. तिघा मुलांचे फोन अ‍ॅम्पवर पालथे पडले होते, एकही वाजला नाही. ताईला मी दोष देत नाही. तळघर, रात्र, तीन मुलगे, मीही तेच विचारलं असतं. पण खोलीचं भाडं चौघं सारखंच भरतात आणि खोली मात्र चौघांच्या वाट्याला सारखी येत नाही, एवढं मला तिथे बसून दिसलं.

आपल्याकडे मुलीने गाणं शिकणं ही काही बंडखोरी नव्हे. उलट ते घरंदाज समजलं जातं, एके काळी बघण्याच्या कार्यक्रमात ते उपयोगीही पडायचं. पेटी, क्लास, बाई किंवा बुवा, परीक्षा, स्पर्धा, गॅदरिंग आणि आता टीव्हीवरचे परीक्षक. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी मोठं माणूस समोर बसलेलं असतं आणि ते ऐकून मत देतं. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलीला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी कोणती, तर हुबेहूब लता. हुबेहूब आशा झाली तरी टाळ्या पडतात. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आपल्या गळ्यात बिनचूक उतरवणं यात मेहनत अफाट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण बँड त्याच्या नेमकं उलट काहीतरी मागतो. अजून कुणाचाच नसलेला आवाज काढायला लागतो, आणि तो सापडेपर्यंत बरेच दिवस तो घाण लागतो. ते दिवस कुठे काढायचे? क्लासमध्ये ते काढता येत नाहीत, घरी शेजारपाजार असतो. कविता लिहायला एकटीची खोली पुरते. बँडला चौघांची लागते, आणि तिच्यात पाचवं कुणी मत द्यायला बसलेलं चालत नाही.

उषा उथुप मुंबईत वाढल्या. शाळेच्या संगीताच्या वर्गातून त्यांना बाहेर काढलं होतं, कारण आवाज जाडा, वर्गात बसणारा नाही. तोच आवाज घेऊन साठच्या दशकाच्या अखेरीस त्या मद्रासच्या नाइटक्लबात उभ्या राहिल्या, कांजीवरम नेसून. वर्गाने घालवलेला आवाज क्लबाने ठेवून घेतला. क्लबाचा आणि वर्गाचा आब समाजात काय असतो हे आपण जाणतोच, म्हणून यातली गंमत जास्त.

पण खोली मिळाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. खोली कुणाच्या मालकीची, हा प्रश्न असतोच. गोव्याची लॉर्ना कोर्देरो आठवते. साठच्या दशकात मुंबईच्या क्लबांतून ख्रिस पेरीच्या बँडपुढे उभी राहून ही मुलगी गायची. ट्रम्पेट त्याचा, चाली त्याच्या, आवाज हिचा. कोंकणी गाण्याला त्या जोडीने जॅझचं जे अंग दिलं, ते आजही गोव्याच्या लग्नांत ऐकू येतं. पुढे ते वेगळे झाले आणि लॉर्ना गप्प झाली. एक-दोन वर्षं नव्हे, दोन दशकांहून जास्त. 1995 मध्ये ती परत स्टेजवर आली तेव्हा लोक रडले म्हणतात. त्यांच्या कहाणीवर 2015 मध्ये ‘नाचूं-या कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट निघाला, त्यात प्रेमाची बाजू पुष्कळ आहे. ती असेल. मला मात्र लिमरिकच्या त्या पोरांचं कौतुक तिथेच वाटतं. बँड त्यांचा होता, ही नंतर आलेली. चाली बांधून तिच्या हाती देऊन गप गा म्हणता आलं असतं. त्यांनी कॅसेट दिली आणि घरी जाऊ दिलं. त्यानंतर जवळजवळ सगळी गाणी नोएल आणि डोलोरेस यांनी मिळून किंवा तिने एकटीने लिहिली. पुढे उभी राहणारी मुलगी ही बँडची शोभा असते की बँडचा मेंदू, हे असल्या पहिल्या आठवड्यांत ठरून जातं. पोस्टरवरून ते कधीच ओळखू येत नाही.

कुणी म्हणेल, पुण्यात पोरींना मोठा आवाज करायला बंदी कुठे आहे? पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी नदीपात्रात जाऊन पाहा. ढोल-ताशा पथकांच्या सरावात मुली शेकड्यांनी असतात, कमरेला ढोल बांधून तासन्‌तास टिपरू चालवतात, हाताला फोड आणि पट्ट्या मिरवतात. खरं आहे, आणि मला ते पाहून बरंही वाटतं. फक्त तिथलं वाजवणं रांगेतलं आहे. ठेका ठरलेला, गणवेश ठरलेला, मिरवणुकीचा रस्ता ठरलेला, आणि वर बाप्पाचं छत्र. शंभर जणींत एकीचा हात चुकला तर झाकून जातो. बँडमध्ये चार जणांत काहीच झाकत नाही. भाचीही पूर्वी पथकात होती. ती म्हणते, दमायला तिथे जास्त व्हायचं, घाबरायला इथे जास्त होतं.

आणि घाबरायला खरोखरीची कारणं असलेल्या जागाही आहेत. श्रीनगरमध्ये 2012 च्या अखेरीस शाळकरी वयाच्या तीन मुलींचा ‘प्रगाश’ नावाचा बँड एका स्पर्धेत पहिल्यांदा लोकांसमोर वाजला आणि त्यांना बक्षीसही मिळालं. त्यानंतर इंटरनेटवर शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी 2013 मध्ये तिथल्या मुख्य मुफ्तींनी हे इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. मुख्यमंत्र्यांनी मुलींची बाजू घेतली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण तोवर मुलींनी बँड बंद केला होता. खोलीबाहेर पडल्यावर काही आठवड्यांत संपलं. त्यांना वाईट वाजवायला वेळच मिळाला नाही. पहिल्याच वेळी त्यांच्या गिटारीकडे कुणी गिटार म्हणून पाहिलं नाही, बाजूने बोलणाऱ्यांनीसुद्धा.

पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, इंडोनेशियात पश्चिम जावातल्या गारुत भागात हिजाब घालणाऱ्या तीन मुलींनी मेटल बँड काढला. मार्स्या, विडी आणि सिती. घरं शेतकऱ्यांची, शाळा धार्मिक. त्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या लॅपटॉपवर त्यांनी ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ ऐकलं आणि हे आपल्याला करायचंय असं ठरलं. ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हे नाव त्यांनी तिथल्या सुंदानीज भाषेतल्या, गोंगाट या अर्थाच्या शब्दावरून घेतलं. विरोध त्यांनाही झाला. सरावावरून परतताना दगड मारला गेला, लग्नं करून टाका असं घरच्यांना ऐकावं लागलं. पण त्यांना वर्षं मिळाली. दुसऱ्यांची गाणी वाजवत, बोटं घासत, मग स्वतःची लिहीत. 2022 मध्ये त्या जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजल्या आणि 2024 मध्ये ग्लॅस्टनबरीत, तिथे वाजणारा इंडोनेशियाचा पहिला बँड म्हणून. दोन्ही गावांतल्या कट्टरपणाची तुलना करण्याइतकी माझी माहिती नाही आणि तो माझा विषयही नाही. माझं लक्ष त्या शिक्षकाकडे जातं. मुलींना खटपटीसाठी जागा आणि अवधी मिळावा म्हणून पहारा देणारं कुणीतरी तिथे होतं.

अवधी नसला की काय होतं, ते खुद्द क्रॅनबेरीजनीही भोगलंय. त्यांची ‘लिंगर’ आणि ‘ड्रीम्स’ असलेली डेमो कॅसेट लंडनला पोचली आणि कंपन्यांची रीघ लागली. 1991 मध्ये आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला. विशीच्या आसपासची पोरं, एक-दीड वर्षाचा एकत्र सराव, आणि लंडनचे संगीत-पत्रकार आधीच त्यांना पुढची मोठी गोष्ट म्हणून ओवाळून मोकळे झालेले. त्याच वर्षी ‘अनसर्टन’ नावाची चार गाण्यांची तबकडी आली आणि ज्यांनी ओवाळलं होतं त्यांनीच तिला झोडपलं. खोलीतून थेट चौकात आणल्यासारखं झालं. पहिल्या मॅनेजरशी बिनसलं, रेकॉर्डिंग फसलं, बँड मोडता मोडता राहिला.

मग जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पोरं मागे फिरली. मॅनेजर बदलला. स्टीफन स्ट्रीट हा निर्माता मिळाला, ज्याने द स्मिथ्सबरोबर काम केलं होतं आणि द स्मिथ्स म्हणजे नोएलचं दैवत. डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत 1992 मध्ये तीच जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. स्ट्रीटने आवाज घासूनपुसून लंडनसारखा केला नाही, लिमरिकचाच ठेवला. मार्च 1993 मध्ये अल्बम आला तेव्हा इंग्लंडात कुणी फारशी दखल घेतली नाही. तो उचलला अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओने आणि एमटीव्हीने, आणि 1994 मध्ये ‘लिंगर’ तिथल्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग इंग्लंडला जाग आली आणि वर्षभर जुना झालेला तो अल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर पोचला. पुढचं लाखांचं, कोटींचं यश, तिचं आजारपण, बँड थांबणं आणि परत जुळणं आणि जानेवारी 2018 मध्ये लंडनच्या हॉटेलात सेहेचाळिसाव्या वर्षी झालेला तिचा मृत्यू, हे सगळं वाचायला मिळतं. मी वाचलंय. पण पुन्हा पुन्हा जाते ती त्या आधीच्या दोन-तीन वर्षांकडेच. तेव्हाचे फोटो पाहिले तर ती तिघांच्या मधोमध किंवा किंचित मागे असते, खांदे पाडून, आणि चौघांचेही चेहरे, हे कोण फोटो काढतंय, असे.

त्या वेळी बरं होतं, फोन नव्हते. लिमरिकच्या त्या क्लबात ती पाठ फिरवून गायली ते ज्यांनी पाहिलं त्यांनीच पाहिलं. आज कुणीतरी तीस सेकंद टिपले असते, खाली ‘हिला गाता येतं का?’ असं पन्नास जणांनी विचारलं असतं, आणि तिच्या कपड्यांवर आणखी दोनशे जणांनी. मुलांच्या बँडला हे होत नाही असं नाही. मुलांच्या बाबतीत लोक निदान गाण्यापासून सुरुवात करतात.

ताईचा सध्या लकडा चालू आहे. इतके दिवस जाताय, एवढे पैसे घालवताय, आम्हाला ऐकायला कधी मिळणार? सोसायटीच्या गणपतीत दोन गाणी तरी म्हण. भाची सांगते, गणपतीत ड्रम्स कुठे लावणार. ताई म्हणते, नुसत्या गिटारवर म्हण, काहीतरी छानसं, सगळ्यांना माहीत असलेलं. मी मध्ये पडत नाही, कारण पडले तर दोघीही मलाच धरतील. बँडला कुणीतरी एका कॉलेजच्या फेस्टमध्ये अर्धा तास देऊ केला होता. चार गाणी लागतात, यांच्याकडे दोन आहेत आणि तिसऱ्याची वरची ओळ अजून अडलेली. तिने परस्पर नाही कळवलं. त्यावरून ड्रमर तिच्यावर भयंकर चिडला आहे, कारण फेस्टमधले ड्रम्स म्हणे जॅम रूमपेक्षा कितीतरी चांगले असतात, आणि त्यांना वीट लावावी लागत नाही. पुढच्या बुधवारी तो येतो की नाही ते कळेल. खोलीचे पैसे मात्र चौघांचेही जमा झालेत.